परभणी स्टेशनवर मी बोललो ते

हे सांगायचं मी आजवर टाळत आलो. कुणी विचारलंच तर म्हणायचो, एका पोराचा जीव वाचवला मी. आता थकलोय. खोटं सांभाळायलाही अंगात बळ लागतं.

निजामी अमलाच्या अखेरीस मी औरंगाबादच्या कॉलेजात इतिहास शिकवायचो, उर्दूतून. मी चुडाव्याचा, आणि वर्गातली बरीच मुलंही परभणीकडचीच. पण वर्गात मी 'जनाब'; तिथं कुणी तोंड उघडत नसे. खरी ओळख झाली ती सुट्टीला गावी जाताना, रेल्वेच्या तिसऱ्या वर्गात. जालना मागं पडलं की भाकरीची फडकी सुटायची, ठेचा माझ्यापुढं यायचा, आणि मी 'गुरुजी' व्हायचो.

"गुरुजी, तुमची मराठी वळणाची उर्दू ऐकून मौलवीसाब पाणी प्यायला उठतेत," एकदा एकजण म्हणाला. सगळ्यांत जास्त मीच हसलो. मग हळूहळू वर्गातही मुलं प्रश्न विचारू लागली.

एका दिवाळीला असेच निघालो होतो. पोखर्णीचा एक मुलगा, वर्गातला सगळ्यांत हुशार, सेलू गेल्यावर माझ्याजवळ सरकला.

"सुट्टी संपली की मी कॉलेजात येणार न्हाई, गुरुजी. सरहद्दीपल्याड निजामाविरुद्ध छावणी हाय. तिकडं जायलोय."

"घरी ठाऊक आहे?"

"न्हाई. तुमालाच सांगायलोय."

परभणीला त्याचे वडील न्यायला आले होते. मुलगा ट्रंक घेऊन बैलगाडीकडं गेला. वडील माझ्या खिडकीशी आले, हात जोडून म्हणाले, "पोरगं नीट शिकायलंय न्हवं, गुरुजी?"

मी सगळं सांगून टाकलं. आगगाडी सुटली तेव्हा बापानं त्याचा दंड धरला होता आणि तो माझ्या खिडकीकडं बघत होता.

त्याचं कॉलेज तिथंच संपलं. वडिलांनी त्याला शेतीत घातलं, उन्हाळ्यात लग्न लावून दिलं. छावणीत गेलेली दुसरी मुलं निजामाचं राज्य गेल्यावर परतली, पुढं शिकली. तो राहिला. त्या सुट्टीहून परत येताना बाकीची मुलं दुसऱ्या डब्यात बसली. वर्ग पुन्हा गप्प झाला. मी शिकवत राहिलो, पगार घेत राहिलो.

जीव वाचवला वगैरे खरं नाही. माझ्याबरोबर उठणारा-बसणारा मुलगा छावणीत गेला तर चौकशी माझ्यापर्यंत येईल, नोकरी जाईल, एवढंच तेव्हा मनात होतं.

बऱ्याच वर्षांनी तो परभणीच्या मोंढ्यात भेटला. कापसाच्या गाडीवरून उतरून पाया पडला. "चला गुरुजी, चहा घिऊ."

चहा घेतला. पिकापाण्याचं बोललो, त्याच्या लेकरांचं बोललो. मध्येच तो थांबला, मी काही म्हणेन अशा अपेक्षेनं. मी बशी सारली आणि उठलो.

मागल्या साली तो गेल्याचं कळलं. म्हणायचं होतं ते एवढंच: बाबा, तुझ्या भल्यासाठी नाही बोललो मी त्या दिवशी. भ्यालो होतो. मला माफ कर.