बॉनेटवरचा अंगठा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि माझं काही तिच्यापासून लपत नाही, असा तिचा समज आहे. सांगायला बसलो की मी भलतंच काहीतरी सांगत सुटतो. आताही तेच होईल बहुतेक.

तर, मला छोटी मॉडेलं रंगवायचा नाद. किटमधली जीप, रणगाडा, विमान जोडायचं काम कुणीही करेल. खरी मजा वेदरिंगमध्ये — कोरी करकरीत जीप वर्षानुवर्षं चिखलातून हिंडल्यासारखी दिसली पाहिजे. गंज, तेलाचे ओघळ, कडांवरचा उडालेला रंग. यात मी नाशकात कुणाला हार जाणार नाही, असं मला वाटायचं. वाटायचं काय — तसं मी सांगत फिरायचो.

नाद लावला शिरीषने. पंचवटीतला माझा मित्र. त्याचे हात एवढेसे, आम्ही त्यावरून चिडवायचो त्याला. त्याची शेवटची जीप अर्धवटच राहिली. चाकांना गंगेवरची — म्हणजे आमच्या गोदावरीवरची — वाळलेली माती लावून झाली होती. बॉनेटचा हिरवा रंग ओला असताना चुकून अंगठा टेकला. तो ठसा घालवू, घालवू म्हणता कावीळ झाली आणि माणूसच गेला. मुलगी मुक्ता तेव्हा पाळण्यात होती.

वहिनींनी जीप शोकेसमध्ये ठेवली. मुक्ता थोडी मोठी झाल्यावर त्या तिला कडेवर घेऊन तिचा अंगठा त्या ठशावर टेकवायच्या. "हा बाबांचा हात बरं का." मायलेकींचा रोजचा खेळ. मी तो पाहिला होता — हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर मला माहीत नव्हतं असं म्हणायचा मोह होईल.

पुढे आम्ही हौशी लोकांनी प्रदर्शन भरवलं. मी जीप मागून आणली. "भाऊजी, आहे तशीच ठेवा हं," वहिनी म्हणाल्या. हो म्हणालो. इंदिरानगरला घरी आणली, टेबलावर ठेवली आणि — कसं सांगू? — मला ती कच्ची वाटली. ज्याने मला ब्रश धरायला शिकवलं, त्याची! म्हटलं, थोडा काळपट रंग पातळ करून फटींत सोडू. लोक विचारतील, शेवटचा हात कुणाचा? टर्पेंटाइन संपलं होतं. हार्डवेअरच्या दुकानातलं थिनर होतं घरात. ते खालचा रंगही उचलतं, हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण धीर कुणाला होता?

बॉनेट चिकट झालं. घाईघाईने फडक्याने टिपलं. ठसा गेला.

इथवर झाली ती चूक. शेण खाल्लं ते पुढे. तसाच उठून पंचवटीला गेलो असतो तर? वहिनी रडल्या असत्या, कदाचित पुन्हा दारात उभं केलं नसतं. मी गेलो नाही. बॉनेट पुन्हा हिरवं केलं, रंग आंबटओला होईपर्यंत थांबलो आणि स्वतःचा अंगठा टेकवला. मग त्या रेषांत काळपट रंग उतरवला, वर खडूची पूड घासली, ठसा जुना दिसेपर्यंत. इतकं चांगलं वेदरिंग मी आयुष्यात दुसरं केलं नाही. आणि — याचीच मला सर्वात लाज वाटते — काम झाल्यावर जीप उजेडात धरली आणि मी खूश झालो. खरंच खूश झालो.

वहिनींना कळलं नाही. खेळ चालू राहिला. मी त्यांच्याकडे जायचो, चहा प्यायचो, ते चिमुकलं बोट माझ्या ठशावर टेकताना बघायचो. जनाची नाही तर मनाची तरी? तीही नव्हती.

मुक्ता बारावी होऊन पुण्याला शिकायला निघाली तेव्हा निरोप घ्यायला आली. जीप बरोबर नेत होती, रुमालात गुंडाळून. माझ्यासमोर तिने रुमाल सोडला, ठशावर अंगठा ठेवला. भोवती बरीच जागा उरली.

"काका, बाबांचा हात केवढा मोठा होता ना?"

"हो," मी म्हणालो. "चांगला मोठा होता."

ती हसली आणि जीप पुन्हा रुमालात गुंडाळू लागली.