आमच्या अपडाऊनच्या गाडीचा क्लच

जालना ते केदारखेडा रोज अपडाऊन करणाऱ्या माणसाजवळ झोप उरत नाही, केस उरत नाहीत. किस्से मात्र डिकीतल्या सुतळीसारखे कधी आणि कुठून जमा होतात, कळत नाही. चार शिकलेली माणसं रोज दोन तास एका गाडीत कोंडली, की दुसरं काय होणार?

गाडी माझ्या बायकोची, मालतीची. ती नवीन जालन्यात बँकेत होती. गाडी तीच चालवायची. रोज सकाळी मला स्टँडवर सोडायची, तिथून मी एसटीने केदारखेड्याच्या शाळेत जायचो. दीड वर्षापूर्वी ती गेली, आणि गाडी चार महिने दारात उभी राहिली. मग एके सकाळी आमच्या शाळेतले तिघं दारात आले. विज्ञानाचे गाडेकर सर, इतिहासाच्या जाधव मॅडम आणि क्लार्क खरात. उभी गाडी खराब होते, तुम्ही चालवा, आम्ही बसतो, असं त्यांनी सांगितलं. मला कुणी विचारलं नाही. आमच्या शाळेत तशी पद्धत नाही.

यंदा दिवाळीनंतर क्लच बिघडायला लागला. पेडल दाबावं तर लोण्यात पाय गेल्यासारखं खाली जायचं आणि परत यायचा कंटाळा करायचं. त्याच सुमारास गाडी विकून टाकायची, असं मी ठरवलं होतं. मुलगा पुण्याहून तेच सांगत होता. गाडी गेली की स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज द्यायचा आणि घरी बसायचं. मी खरातकडे अर्जाचा नमुना मागितला. तो म्हणाला, नमुने संपलेत. पुढच्या आठवड्यातही संपलेलेच होते. आमच्या कार्यालयात बाकी कुठलीच गोष्ट इतक्या नियमाने होत नाही.

पण विकायची तर आधी क्लच नीट करायला हवा. आणि नीट करायचा तर आजार कळायला हवा. गाडीत तीन डॉक्टर होतेच.

*

पहिलं निदान गाडेकर सरांचं. क्लचची वायर सैल झाली, असं ते ठामपणे म्हणाले. रविवारी पाना घेऊन घरी आले, बनियनवर गाडीखाली शिरले आणि तासभर वायर शोधत राहिले. मी दोनदा चहा खाली सरकवला.

बाहेर आले तेव्हा पाठ काळी आणि चेहरा गंभीर होता. म्हणाले, "कंपनीवाले आजकाल वायर आतून टाकतात. आपल्याला सापडू नये म्हणून."

सोमवारी चौथ्या तासाला मी त्यांच्या वर्गावरून जात होतो. सर फळ्यावर आकृती काढून पास्कलचा नियम शिकवत होते, की बंद नळीतल्या द्रवाला एका टोकाला दाब दिला, तर तो जसाच्या तसा दुसऱ्या टोकाला पोचतो. नळीला गळती असेल तर दाब पोचत नाही, हेही त्यांनी सांगितलं. उत्तम शिकवतात. मागच्या खिडकीतून आमची गाडी दिसत होती. वर्ग संपल्यावर त्यांनी मला थांबवून विचारलं, "वायर ताणायला कुणी भेटलं का?"

*

खरातचा निदानावर विश्वास नाही, उपचारावर आहे. पेडल तीन-चारदा पटापट दाबलं की तात्पुरता जोर येतो आणि गिअर पडतो, हे त्याला आठवड्यातच कळलं. तेव्हापासून तो मागच्या सीटवरून मोठ्यानं मोजायचा, आणि मी पाय मारायचो.

चतुर्थीला राजूरच्या गर्दीत अडकलो. दोन्हीकडे गणपतीला निघालेले लोक, पुढे फुलवालीची टोपली. काचा खाली होत्या. खरातने नेहमीच्या आवाजात सुरुवात केली, "एक, दोन, तीन, चार..."

आजूबाजूच्या पन्नासेक लोकांनी हात वर करून गणपतीचा जयजयकार केला.

खरात दचकला, पण थांबला नाही. मोजणं भाग होतं, गिअर पडला नव्हता. पुन्हा चार, पुन्हा जयजयकार, आणि गिअर पडला. तेवढ्यात दाबून धरलेलं पेडल आपोआप खाली बसलं आणि गाडी हळूच टोपलीकडे सरकली. मी ब्रेक मारला. पोलीस खिडकीशी आला. आत नीट पाहून म्हणाला, "सर, भक्ती घरी करा. इथं गाडी बंद करा."

*

मग ड्रायव्हरच्या बाजूची मॅट तेलकट व्हायला लागली. पेडलच्या बरोबर खाली.

गाडेकर सरांनी वास घेतला आणि जाधव मॅडमच्या डब्याकडे पाहिलं. मॅडम मागे बसतात. त्यांच्या डब्यातलं लोणच्याचं तेल सीटखालून वाहत पुढे येतं, असा सरांचा सिद्धांत होता. रस्ता त्या बाजूला उताराचा आहे, हेही त्यांनी जोडलं. मी म्हणालो, येताना चढ असतो. सर म्हणाले, येताना डबा रिकामा असतो.

मॅडमनी लोणचं आणणं बंद केलं. मॅट आठ दिवस तेलकटच राहिली. नवव्या दिवशी मॅडमनी सरांसमोर डबा उघडून ठेवला, त्यात नुसती भाकरी आणि ठेचा. "आता माझ्या भाकरीला तेल सुटलं म्हणा," त्या म्हणाल्या.

सर हरले, पण नवं निदान घेऊन आले. क्लच प्लेट जळाली असणार. वहिनी क्लचवर पाय ठेवून चालवत असतील, लेडीज ड्रायव्हिंगचं तसंच असतं. हे ते सहज बोलून गेले.

मी कित्येक वर्षं तिच्या शेजारी बसलो. रस्त्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. तिच्या पायाकडे कधी पाहिलंच नव्हतं.

*

शेवटी शनिवारी शाळा सुटल्यावर गाडी रफिकभाईंच्या गॅरेजला नेली. तिन्ही डॉक्टर सोबत होतेच. रफिकभाईंनी सगळ्यांची निदानं शांतपणे ऐकून घेतली. वायरीचं ऐकून एवढंच म्हणाले, "हिला वायर न्हाईच सर. तेलावर चालतो हिचा क्लच."

मग त्यांनी हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला आणि क्लच सोडला. इंजिन जागच्या जागी बंद पडलं. प्लेट घासली असती, तर इंजिन चालूच राहिलं असतं. त्यांनी बॉनेट उघडून तेलाची डबी पाहिली. तेल खाली गेलेलं. नंतर पाय बाहेर ठेवून पेडलपाशी आडवे झाले, वर हात घातला आणि ओलं बोट आम्हाला दाखवलं.

"मास्टर सिलिंडर. आतलं रबर गेलंय. तेल गळून राह्यलं, मंग दाब येणार कुठून?"

गाडेकर सरांनी बोटाचा वास घेतला. मग म्हणाले, "म्हणजे हा पास्कल."

"न्हाई सर," रफिकभाई म्हणाले, "तसलं लोकल मी टाकत न्हाई. ओरिजिनलच टाकीन."

हात पुसता पुसता त्यांनी मला विचारलं, "आधी कोन चालवायचं? इतक्या वर्षांत प्लेट जरा बी घासली न्हाई. हात-पाय लई साफ होते."

बायको, असं मी सांगितलं. गाडेकर सर बाहेर जाऊन रस्त्यावरची रहदारी पाहायला लागले. सोमवारी क्लच नवा होऊन आला. फाटलेलं रबर रफिकभाईंनी कागदात बांधून दिलं. गिऱ्हाइकाला दाखवा, भरवसा बसतो, म्हणाले.

*

गिऱ्हाईक पुढच्याच रविवारी आलं. कुंभार पिंपळगावचे मोसंबीवाले आबा. तिघंही माझ्या अंगणात हजर होते. बोलावलं कुणीच नव्हतं. खरात माझी सही घ्यायला म्हणून आला होता, रजिस्टर मात्र आणलं नव्हतं.

आबांनी गाडी बायपासपर्यंत फिरवून आणली. खूष होते. "क्लच एकदम मस्त हाय. घेऊन टाकू," म्हणाले.

जाधव मॅडम पुढे झाल्या. "आबा, कर्तव्य म्हणून सांगते. या क्लचचा इतिहास चांगला नाही."

"मास्टर सिलिंडर," गाडेकर सर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बरोबर नाव घेतलं होतं. "रबर जातं."

"नवं टाकल्यावानी दिसून राह्यलं की."

"नवंच आधी जातं. तुम्ही बागायतदार आहात, रोपांचं तसंच असतं ना?"

खरात म्हणाला, "आबा, आमी रोज जीव मुठीत धरून जातो हिच्यात."

"मंग रोज जाता कामून?"

"नौकरी हाय ना."

आबांनी तिघांकडे एकेक करून पाहिलं आणि माझ्याकडे वळले. "सर, गाडी तुमची हाय. तुम्ही सांगा. हे लोक खरं बोलून राह्यले का?"

कागदात बांधलेलं रबर माझ्या खिशात होतं. तिघंही कॉपी करताना पकडलेल्या पोरांसारखे जमिनीकडे पाहत होते.

मी म्हणालो, "चढावर तर बिलकुल ओढत नाही."