हूं म्हणा, मॅडम

"पंपवाला झोपतो, मॅडम. तुमच्या मशीनला काही झालेलं नाही," वसाहतीचे मॅनेजर देसाई फोनवर म्हणाले. "सोमवारपासून नवा माणूस येतोय. तुम्ही फक्त मशीन ठीक आहे असं लिहून द्या."

टिटवाळ्याच्या त्या नव्या वसाहतीची टाकी आठवड्यात दोनदा कोरडी पडली होती. नदीकाठच्या पंपघरात, टाकीवरच्या यंत्राकडून तारेनं येणारी पाण्याची पातळी दाखवणारं पॅनेल होतं. ते मीच डिझाइन केलेलं. पातळी फुटाखाली आली की पंपवाल्या भोईरांनी पंप सुरू करायचा. खरं सांगते, मी सही करायला तयारच होते. एकदा टेस्ट करू म्हणून लॅपटॉप घेऊन डोंबिवलीहून निघाले, इतकंच.

भोईर साठीकडे झुकलेले, तिथलेच. पंपघराची जमीन एकेकाळी त्यांचंच शेत.

"मी नाय झोपलो, मॅडम. पॅनेलवर दीड फूट पानी दिसत होतं. दुपारभर दीड फूटच."

मी टेस्ट लावली. एक-शून्य-एक-शून्य असा सिग्नल तारेतून पाठवला. एकही चूक नाही. भोईर माझ्याकडे बघत होते. मला वाईट वाटलं.

मग टाकीतलं पाणी उतरायची वाट बघत आम्ही करंजाच्या सावलीत बसलो. खाली काळू नदी इतकी संथ, की वाहते की नाही कळेना. भोईर लहानपणीच्या पुराची गोष्ट सांगू लागले. भोपळे कमरेला बांधून वडील पलीकडे निघालेले. आवाज लांब लांब जात होता. नदी पाइपातून वर चढतेय, कुणीतरी मला तिचे थेंब मोजायला सांगतंय, आणि मोजणी चुकतेय...

"हूं म्हणा, मॅडम! नाय तर मला कसं कळनार तुम्ही कुठवर आलात?"

मी ताडकन उठले.

तारेतून एक आणि शून्य जातात. आमच्या पद्धतीत एक म्हणजे व्होल्टेज, शून्य म्हणजे काहीच नाही. पाणी तळाकडे, पंप बंद, व्हॉल्व्ह बंद, म्हणजे जवळजवळ सगळी शून्यंच. तार गप्प. किती शून्यं आली हे पलीकडचं मशीन स्वतःच्या घड्याळावर मोजतं, आणि ते घड्याळ जरासं मागेपुढे असतंच. मोजणी चुकली की संदेश बाद, पॅनेलवर जुना आकडा तसाच. माझ्या टेस्टमध्ये मात्र सिग्नल सारखा बदलत होता, आणि दर बदलाला ते घड्याळ जुळून येत होतं. तार कधी गप्पच बसली नव्हती.

यावर उपाय जुनाच आहे, मँचेस्टर कोडिंग. त्यात प्रत्येक बिटाच्या, म्हणजे प्रत्येक एक किंवा शून्याच्या, मधोमध सिग्नल उलटतो, शून्य असलं तरी. दर बिटाला एक हुंकार. सोय मशीनमध्ये होती. तारेवर दुप्पट धावपळ कशाला, म्हणून मीच बंद ठेवलेली.

नुसती शून्यं पाठवली. पॅनेल होतं त्या आकड्यावर अडकलं. दोन्ही टोकांना मँचेस्टर चालू केलं, पुन्हा शून्यं पाठवली. पॅनेलनं निमूट शून्य दाखवलं. भोईरांनी टोपी काढून परत घातली.

देसाईंना फोन केला. "पंपवाला जागाच होता. डिझाइन चुकलं. माझं."

"असं लिहून देणार तुम्ही?"

"देणार."

ऑफिसात बोलणी खाल्ली. भोईर कामावर राहिले. तेव्हापासून कुठलीही लाइन मी आधी नुसत्या शून्यांवर तपासते.

त्या पंपघरात ड्यूटीवर झोपलेलं एकच माणूस मला माहीत आहे. रिपोर्टमध्ये मी ते लिहिलं नाही. भोईरांनीही कुणाला सांगितलं नाही.