आठ दिवसांचं लाकूड

माझ्या थोरल्या भावाला बाजारात नावाने कुणी ओळखत नाही. सगळे त्याला ‘आठदिवशे’ म्हणतात. खोल्यांच्या भिंतींना आतून लाकडी फळ्या बसवायचं काम तो करतो, आणि त्याचा एक नियम आहे. नव्या फळ्या ज्या खोलीत लावायच्या, त्याच खोलीत त्या आठ दिवस नुसत्या पडून राहिल्या पाहिजेत. मोजून आठ. त्याआधी खिळा नाही की स्क्रू नाही.

“लाकूड पाहुण्यासारखं असतं,” दादा सांगतो. “आल्या आल्या कामाला जुंपू नये. आधी त्याला घराची हवा लागू दे. काय फुगायचं, आकसायचं ते होऊन जाऊ दे. नाहीतर महिन्याभरात फळ्यांमध्ये फटी पडतात आणि शिव्या मिस्त्रीला बसतात.”

गिऱ्हाइकांच्या नाकी नऊ येतात. एका बड्या साहेबाने तिसऱ्याच दिवशी तगादा लावला, कारण त्याच्या नव्या केबिनमध्ये पाहुणे येणार होते. दादाने रंधा, करवत, ओळंबा पिशवीत भरला आणि घरी येऊन आडवा झाला. पाहुण्यांनी म्हणे उघड्या भिंती बघतच चहा घेतला! मी चिडले. म्हटलं, “अरे, एवढा कसला हेका? सुंभ जळेल पण तुझा पीळ जळायचा नाही.” तर वहिनीच मला म्हणाली, “वन्सं, त्यात तुम्ही पडू नका. यांनी घाई केली की निस्तरावं मला लागतं.”

कारण वहिनी पॉलिशवाली. दादाने भिंत उभी करायची आणि तिने कापडाच्या बोळ्याने तिच्यावर पॉलिश चढवायचं, असा तीस वर्षांचा दोघांचा संसार. दवाखाने, वकिलांची ऑफिसं, वाचनालयाची मोठी खोली, सगळ्यांच्या भिंती नटवल्या. आणि स्वतःच्या घरी दिव्याखाली अंधार. झोपायच्या खोलीच्या भिंतीचे पोपडे पडायचे आणि थंडीत तिला हात लावला तर बोटं गारठायची.

मागच्या थंडीत वहिनीने अंथरूण धरलं. पोटात गाठ निघाली, आणि कळलं तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टरांनी दादाला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की आता काही आठवडेच.

वहिनीला सांगायचं की नाही, हा प्रश्नच नव्हता. ते तिनेच केव्हाच ठरवून टाकलं होतं. तिच्या वडिलांना त्यांचं दुखणं कुणा शहाण्याने सांगून टाकलं, आणि त्या दिवसापासून त्या माणसाने घास घेतला नाही. नुसते दाराकडे बघत राहिले, आणि त्यांच्या उशाशी हीच बसलेली. तेव्हापासून शंभरदा म्हणायची, “मला असलं काही झालं तर सांगायचं नाही हं, गाठ माझ्याशी आहे! मरायला मी घाबरत नाही, पण वाट बघत पडणं मला जमायचं नाही.” दादाने तिला तसा शब्द दिला होता.

म्हणून आम्ही तिला ताकास तूर लागू दिली नाही. सूज आहे, औषधाने उतरेल, असं सांगितलं. तपासणीचे कागद मी माझ्या शिलाई मशीनच्या खणात दोऱ्याच्या रिळांखाली दडवले. तिच्यापुढे हसायचं आणि मोरीत जाऊन रडायचं, महिनाभर हेच चाललं होतं.

एक दिवस तीच म्हणाली, “अहो, जन्मभर लोकांच्या भिंती चकचकीत केल्या. आता बरी होईपर्यंत मी हे पोपडे मोजत पडू का?” बस्स, दादाला तेवढंच हवं होतं. दुसऱ्याच दिवशी तो फळ्या घेऊन आला. अशी फळी त्याने साहेबालाही लावली नसेल. पलंगासमोर जमिनीवर आडव्या पट्ट्या टाकून त्यावर सगळ्या रचल्या आणि म्हणाला, “आता आठ दिवस.”

वहिनी खुशीत आली. रोज सकाळी विचारायची, “आज कितवा?” दुसरा म्हटलं की मान डोलवायची. तिसरा म्हटलं की म्हणायची, “पॉलिशला मला उठवून बसवायचं बरं का, दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायची नाही मी.” त्या दिवशी ती भातही दोन घास जास्त जेवली.

चौथ्या दिवशी डॉक्टर घरी येऊन गेले. जिन्यात थांबून म्हणाले, “दोन दिवस, फार तर तीन.”

दादा तिथेच पायरीवर बसला. आणि मी बोलले. देवाने तेव्हा माझी जीभ का नाही झडवली! म्हटलं, “नियम गेला चुलीत. उद्याच भिंत उभी कर. फटी बघायला राहणार आहे कोण? तिच्या डोळ्यांना एकदा दिसू दे.” दादा कठड्याला धरून उठला. मग म्हणाला, “खरं आहे तुझं.”

पाचव्या दिवशी सकाळी त्याने भिंतीला पट्ट्या ठोकल्या, ओळंबा सोडून बघितला आणि पहिली फळी बसवली. मग दुसरी. मी वहिनीला उशीला टेकवून बसवलं होतं. वाटलं, आता हसेल. ती फळ्यांकडे बघतच नव्हती. दादाच्या पाठीकडे बघत होती.

“अहो,” ती म्हणाली, “आज पाचवाच ना?”

दादाचा हात थांबला. “हे लाकूड चांगलं सुकवलेलं आहे,” तो म्हणाला. “याला एवढं थांबायला लागत नाही.”

ज्या बाईने तीस वर्षं त्याच्या लाकडावर हात फिरवला, तिला तो हे सांगत होता. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही कागद लपवले, तोंडं लपवली, डॉक्टरांना जिन्यात गाठलं, आणि जगात फक्त तिलाच वाचता येईल अशी चिठ्ठी तिच्या डोळ्यांसमोर भिंतीवर ठोकली.

“डॉक्टर काय म्हणाले?” तिने विचारलं.

दादा वळला. दिलेला शब्द एकीकडे आणि तिचे डोळे एकीकडे. त्याच्याने खोटं बोलवलं नाही. “दोन-तीन दिवस,” तो म्हणाला.

ती रडली नाही. तिने दाराकडे बघितलं. मग लहान पोरीसारखी म्हणाली, “मला भीती वाटते हो.”

दादाने हातोडी खाली ठेवली. माझ्यासमोर त्याने कधी तिचा हातसुद्धा धरला नव्हता. पण भुसा लागलेल्या कपड्यांनिशी तो पलंगावर चढला, तिच्याशेजारी आडवा झाला आणि तिला जवळ घेतलं. मी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.

पुढचे दोन दिवस तिने दूधसुद्धा घेतलं नाही. मी वाटी घेऊन गेले की तोंड फिरवायची. सातव्या दिवशी दुपारी ती गेली. शेवटपर्यंत भेदरलेलीच होती. तिला नको होतं ते सगळं तिच्या वाट्याला आलं.

मी ती घाई केली नसती, तर वहिनी आठव्या दिवसासाठी दिवस मोजत गेली असती. दादा हे मला एकदाही बोलला नाही. एकदा तरी त्याने बोलावं, म्हणून मी रोज त्याच्याकडे जाऊन बसते. तो चहा करतो आणि माझ्या हातात कप देतो.