सातवी नस

साठ सालच्या आगेमागे मी नर्सिंग शिकत होते. कवटीतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या काही केल्या माझ्या डोक्यात राहत नसत. आमच्या बेटावरच्या बो बासें गावातल्या घरी धाकटी बहीण पुस्तक धरून बसायची आणि चुकले की पुन्हा पहिलीपासून म्हणायला लावायची. पहिली वासाची, दुसरी नजरेची. माझ्याआधी तिच्याच पाठ झाल्या.

मोंतान्य ब्लांश गावच्या एका शिक्षकाचं स्थळ मला सांगून आलं. दुरून पाहिला होता तेवढ्यावरच मला तो मनापासून आवडला होता. मंडळी रविवारी बघायला येणार होती. गुरुवारी उठले तर डावा गाल लोंबलेला, डोळा मिटेना, चहा ओठातून गळायला लागला. आई म्हणाली, वारं लागलं, आणि कानशिलाला तेल चोळत बसली. मी बाबांना बोलावून कपाळ दाखवलं. डावीकडे आठीसुद्धा पडत नव्हती. मेंदूचा बिघाड असता तर कपाळ हललं असतं; म्हणजे दोष चेहरा हलवणाऱ्या सातव्या नसेत होता. ही नस कानामागच्या हाडातल्या अरुंद वाटेने बाहेर येते, आणि सुजली की सुजलेल्या हातात बांगडी रुतावी तशी तिथे आवळली जाते. सूज उतरली की तोंड बहुधा सरळ होतं. मी म्हटलं, त्यांना दोन महिने थांबायला सांगा.

"पा कास लातेत, बाय," बाबा बेटावरच्या बोलीत म्हणाले. डोक्याला ताप करून घेऊ नकोस, मी निरोप धाडतो.

शनिवारी मला गुडलँड्सला मावशीकडे पाठवलं. तीन आठवड्यांनी परतले तर साखरपुडा उरकलेला. बहिणीचा, त्याच शिक्षकाशी. बाबांनी केसाने गळा कापला होता. मी समोरचं ताट भिरकावलं. ते खाली बघत म्हणाले, वाकड्या तोंडाची बातमी फुटली असती तर दोघींनाही स्थळ मिळालं नसतं, आणि ते नसांचं मला काय कळतं? सरकारी कचेरीतले कारकून, नसेलही कळत, असं म्हणून मी त्यांना अर्धीमुर्धी माफी दिली.

लग्नापर्यंत माझा चेहरा पूर्ववत झाला. आमच्याकडे हळदीला थोरल्या बहिणीचा हात आधी लागतो, म्हणून मलाच पुढे केलं. तिच्या गालाला हळद लावताना मी हळूच विचारलं, तुला तर सगळं पाठ होतं, मग बाबांना समजावलं का नाहीस?

तिने नजर चुकवली नाही.

"तुजा तोंड सरळ होनार, मला म्हाईत होता," ती म्हणाली. "म्हनून तर बाबांना सांगितला, ह्याच रविवारी बोलवा."