मागचे पाय तीन

त्या पिशवीतले चार पाय आठवले की आजही माझं डोकं तापतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण राग म्हणाल तर या किरकोळ वाटणाऱ्या केसचा अजून गेलेला नाही. नाव कुणाचंच घेत नाही. पेनसिल्व्हेनियातलं एक विद्यापीठाचं गाव, त्याला लागून असलेलं आमचं पोलीस ठाणं, आणि साल २००४ च्या आसपासचं, एवढं पुरे.

थोडं माझ्याविषयी, कारण त्याचा संबंध आहे. माझे वडील कराडकडचे खाटीक. काकांनी अमेरिकेत बोलावून घेतलं, तेव्हा इथल्या मांसाच्या कारखान्यात लागले. शाळेत असताना सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्या हाताखाली असायचो. आमच्या घराण्यात कॉलेजची डिग्री घेणारा मी पहिला, आणि हे मी छाती पुढे काढून सांगतो. डिग्रीनं कायदा शिकवला. जनावर मात्र मी वडिलांच्या ठोकळ्यावर शिकलो.

थँक्सगिव्हिंगनंतर हरणांच्या शिकारीचा सीझन उघडला की आमच्याकडे शाळासुद्धा बंद असतात. ठाण्यात तक्रारीही ठरलेल्या: कोण कुणाच्या रानात घुसला, गोळी कुणाच्या गोठ्याला लागली. अशाच एका दुपारी गणपतीच्या कार्यक्रमातल्या ओळखीची एक मुलगी थर्माकोलचा डबा घेऊन आत आली. मूळची नागपूरची, नवरा इथे सॉफ्टवेअरमध्ये.

"काका, तक्रार करायची की नाही तेच कळत नाहीये. हे गाडीतच बसलेत."

"तो का येत नाही?"

"म्हणतात, जाऊ दे यार, व्हिसाचं रिन्युअल आहे. मी म्हटलं, बसा मग व्हिसा सांभाळत, मी चालले आत."

हकिगत अशी. शेजारच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं तिच्या नवऱ्याला शिकार शिकवली, स्वतःच्या रानात येऊ दिलं. बोली एकच, अर्धं मांस म्हाताऱ्याला. पोरानं पहिलाच नर पाडला, चांगला थोराड. जागच्या जागी आतडी काढली आणि सगळे जातात त्या प्रोसेसरकडे नेला. प्रोसेसर म्हणजे शिकार सोलून, कापून, पॅक करून देणारा माणूस. दुकान चकाचक. भिंतीवर शिंगं, काउंटरवर चवीला सुकं मांस, बाहेर ट्रकांची रांग. रांग पाहूनच हा तिथे थांबला.

यानं सांगितलं, रश्शासाठी हाडासकट तुकडे कर, आणि चारही पाय दे. आपल्याकडे पायाचं सूप करतात. तिथे पाय कचऱ्याच्या पिंपात जातात. प्रोसेसर हसला, म्हणाला, "नखांपासून शेपटीपर्यंत सगळं खाता काय रे तुम्ही?"

नंतर हातात काय दिलं? खिम्याचं एक पुडकं आणि पायांची पिशवी. बाकीचं सडलं होतं म्हणे, फेकून दिलं. पोरगा म्हणाला, त्या दिवशी बाहेर बर्फ पडत होता, सडेल कसं? तर तो म्हणाला, "व्हिसावरचा माणूस आणि हातात बंदूक. एक फोन करतो, मग बघ कुठे असशील." एवढ्यावर थांबला नाही. म्हाताऱ्याला जाऊन सांगितलं, तुझं हरण त्या परक्यानं नासवलं.

"आजोबांनी फाटकाला कुलूप लावलं, काका," ती म्हणाली. "दिसले तर मान फिरवतात. हे घरात बोलत नाहीत. मांस गेलं चुलीत, पण ह्यांनी आजोबांना शब्द दिला होता हो."

मी बाहेर जाऊन गाडीच्या काचेवर टकटक केलं.

"शिकारीचा परवाना आहे?"

"आहे, काका."

"हरणाला परवान्याचा टॅग लावला होतास?"

"लगेच."

"मग कायद्यानं तुझ्या केसालाही धक्का लागत नाही. बायको आत लढतेय आणि तू हीटर लावून बसलायस. उतर खाली."

उतरला. आत येऊन मी डबा उघडला, पिशवी टेबलावर रिकामी केली आणि पाहतच राहिलो. मागच्या पायाची नळी पुढच्यापेक्षा लांब असते. शिवाय हरणाच्या मागच्या नळीला बाहेरच्या अंगानं केसांचा एक पांढुरका झुपका असतो, पुढच्याला नसतो. माझ्यासमोर लांब नळ्या तीन, झुपके तीन. पुढचा पाय एकच.

मी शिकार खात्याच्या अधिकाऱ्याला फोन केला आणि प्रोसेसरला जबाबाला बोलावलं. आला तो शीळ घालत. हक्क वाचून दाखवले, टेप चालू केली. चौकशीत माझा एक नियम होता. खोटं बोलणाऱ्याला अडवायचं नाही. त्याला आधी खोट्याचं घर नीट बांधू द्यायचं.

"प्रत्येक हरण वेगळं कापता?"

"आमचं नावच त्यावर आहे, ऑफिसर. एक हरण, एक टेबल."

"त्या भारतीय माणसाचं कुणी कापलं?"

"मी स्वतः. सडकं होतं, तरी कापलं."

"पायसुद्धा त्याच हरणाचे?"

"त्याचेच. मीच काढले. तुमच्या लोकांना काय काय लागतं, देव जाणे."

मी चारही पाय ओळीनं मांडले.

"मग मला एवढंच सांगा, या हरणाला मागचे पाय किती होते?"

तो वाकून बघत राहिला. पाय परत मागणारं गिऱ्हाईक त्याच्या उभ्या आयुष्यात आलं नव्हतं. पिंपात हात घालून हाताला लागले ते चार उचलले होते त्यानं. म्हणजे 'एक हरण, एक टेबल' गेलं, आणि बाकीच्या गोष्टीही त्यामागोमाग गेल्या.

न्यायाधीशाकडून झडतीचं वॉरंट घेतलं. मागच्या थंड खोलीत कितीतरी शिकाऱ्यांच्या हरणांचं पाठीचं आणि मांडीचं उत्तम मांस एकत्र रचलेलं, हॉटेलांना विकायला तयार. शिकारीचं मांस विकणं हा इथे गुन्हा आहे. मी विचारलं, कुणाचं चोरायचं हे ठरवत कसा होतास? तर थंडपणे म्हणाला, "जे भांडायला येणार नाहीत त्यांचं."

ते वाक्य अजून माझ्या डोक्यात आहे. मांसाची चोरी त्याच्यासाठी सोपी होती, कारण माणसाची भीती त्यानं आधी हेरलेली असे. शिक्षा म्हणून दंड झाला, दुकान बंद झालं. गावात लोक मलाच म्हणायचे, हरणासाठी एवढं कशाला? त्यांना मी तेव्हाही फटकारलं, आताही फटकारतो. एका सरळ माणसाला धमकावून त्याच्याच शेजाऱ्यासमोर नालायक ठरवलं, हे तुम्हाला हरणाएवढंच वाटतं?

केसचा निकाल लागल्यावर म्हातारा त्यांच्या दारात आला. माफी मागणं त्याला जमलं नाही. फाटकाची किल्ली टेबलावर ठेवली आणि पायाचं सूप पिऊन गेला.

लोक मला विचारतात, चांगला प्रोसेसर कसा ओळखायचा? काउंटर बघू नका, रांग बघू नका. मागची थंड खोली दाखव म्हणा, आणि माझंच हरण मला परत मिळेल का ते विचारा. या प्रश्नाचा ज्याला राग येतो, त्याच्याकडे हरण उतरवूच नका.

पुढच्या सीझनला तो पोरगा, म्हातारा आणि मी दुसऱ्या एका प्रोसेसरकडे गेलो. साधी शेड, आत पाच-सात शिकारी उभे. हरण ट्रकमध्येच ठेवून पोरगा आत गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझंच हरण मला मिळेल?"

प्रोसेसरनं सुरी पुसली, मागचं दार सताड उघडलं.

"ये, बघून घे. आणि पाय तुझ्या समोरच काढतो. दोन पुढचे, दोन मागचे."

सगळ्यात मोठ्यानं हसला तो म्हातारा. पोरगा हसला नाही. तो आत गेला आणि सगळं बघून होईपर्यंत बाहेर आला नाही.