दहा मिनिटांची हौस

तो गृहस्थ पुन्हा कधी दिसला नाही, पण त्याची फूटपट्टी अजून माझ्या डोक्यात जाते. इथे परदेशात, स्टॅनमोरच्या मैदानावर, युनिव्हर्सिटी हॉकीच्या कपसाठी, तो आयोजकांतर्फे एकेका नावाखाली पट्टी धरून टीमची यादी तपासत होता. माझ्या लेकीच्या नावावर त्याने सावकाश रेघ मारली.

“वरच्या डिव्हिजनच्या टीममधून एकदा खेळलं, की खालच्या टीमकडून कप खेळता येत नाही,” तो चक्क मराठीत म्हणाला.

“अहो, दहाच मिनिटं खेळली ती! आपण मराठी माणसं, जरा बघा ना.”

त्याने पट्टी पुढच्या नावाखाली सरकवली.

“ताई, त्या दहा मिनिटांची हौस कोणाला होती?”

लेक माझ्याकडे बघायला लागली. तिला वरच्या टीममध्ये घ्या म्हणून आठवडाभर फोन करून कोचला मीच भंडावलं होतं.